हिरवा ठिपका

सव्वीस आठवड्यांनी लॅपटॉप उघडला
तर पासवर्ड मरून पडलेला.
हेल्पडेस्कचा मुलगा म्हणाला, नवा टाका मॅडम,
एक मोठं अक्षर, आकडे, एक खूण,
नाव नको, वाढदिवस नको, ओळखता येईल असं काही नको.
मी लेकीचं परवाचं वजन टाकलं
आणि पुढे उद्गारचिन्ह.

कोपरखैरण्यात, माथाडींच्या वसाहतीत,
बोर्डाकडून नानांना मिळालेलं घर, त्यावर चढवलेला पत्र्याचा मजला,
तिथे शिलाई मशीनच्या टेबलावर माझं ऑफिस.
मशीन काढून ठेवलंय, पायडल तेवढं राहिलंय;
मीटिंग लांबली की पाय आपोआप चालतो
आणि काहीच शिवलं जात नाही.

वर इस्त्रीचा कुर्ता, खाली गाऊन.
साडेदहाच्या कॉलला सौदामिनी मॅडम म्हणाल्या,
वेलकम बॅक, सुट्टी कशी झाली?
मी म्हटलं, छान.
टाके, ताप, रात्री तीनला गॅलरीत उभं राहून
मार्केटकडे वळणारे ट्रक मोजणं,
त्या एका 'छान'मध्ये किती मावलं कोण जाणे.

अकराला तिला भूक लागते, गजर लावल्यासारखी.
मला तर खालून नुसतं रडणं ऐकू आलं तरी
कुर्त्यावर दोन ओले रुपये उमटतात.
कॅमेरा बंद. म्यूट. जिना.
पाजून वर येते तोवर माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका
पिवळा पडलेला,
पहिल्या आठवड्यात ती पडली होती तसा,
आणि निखिलेशचा मेसेज: आहेस ना?
आहे ना. म्हणजे होतेच.

तिसऱ्या दिवशी नानांनी विचारलं, पिवळा म्हणजे काय गं?
म्हणजे मी जागेवर नाही असं त्यांना दिसतं.
आणि हिरवा ठेवायला?
हे हलत राहिलं पाहिजे. मी माऊस दाखवला.
ते हसले नाहीत.
एकतीस वर्षं कांदा-बटाट्यात गोणी वाहिलेला माणूस,
मानेमागे अजून घट्ट्याचा उंचवटा.
म्हणाले, आमच्या टोळीत
हैबतीला आकडी यायची.
तो पडला की त्याची खेप आम्ही मारायचो.
मुकादमाच्या वहीत हैबती कधी खाली बसलाच नाही.

तेव्हापासून अकरा ते साडेअकरा
नाना माझ्या खुर्चीत बसतात.
हूक धरून वाकडं झालेलं बोट माऊसवर,
अंड्याला धक्का लागू नये तसं,
जरा इकडे, जरा तिकडे.
पडद्यावर काय लिहिलंय ते वाचत नाहीत,
दुसऱ्याचा माल आहे, म्हणतात, उघडून बघू नये.
खाली मी भिंतीला टेकून,
ती एका हाताने माझं मंगळसूत्र ओढत पिते,
आणि वर मी हिरवी असते.

काल तिचं पोट लवकर भरलं.
ढेकर काढायला नानांकडे दिली, कुर्ता बदलायला गेले,
परत येते तो तिची मूठ कीबोर्डवर,
आणि टीमच्या चॅटवर, चौदा जणांसमोर,
एम एम एम एम एम एम एम,
वर माझं नाव.
खोडणार एवढ्यात सौदामिनी मॅडमचा अंगठा आला.

नाना घाबरले. आता गं?
काही नाही. अंगठा म्हणजे चालेल.
ते चष्मा कपाळावर सरकवून पडद्याशी वाकले.
सुरुवातीची सहा वर्षं पगाराच्या वहीत
त्यांचाही तोच होता, जांभळ्या शाईचा,
मग बोट गोणपाटाला पुसायचं.
बराच वेळ बघत राहिले.
म्हणजे तुमच्यातही अजून अंगठाच घेतात, म्हणाले,
आणि तिला माझ्याकडे देऊन
दही आणायला खाली उतरले.

मी बसले. खुर्ची गरम होती.
रिव्ह्यूला आठ मिनिटं होती,
तिला मांडीवरच ठेवली.